घरजावई

चेंदणी कोळीवाड्यातून कुसुम नाखवा आल्या,
पिशवीत मिठाईचा डबा, डब्यात पुतळीहार.
म्हणाल्या, एकाचे दोन कर. लेकी दोन आहेत.

जांभळी नाक्याला जिन्याखाली माझी सव्वा हात जागा.
पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून
मोजत बसलो.
पंधरा इकडे, पंधरा तिकडे,
आणि उरला एक.

तिसांवर बाई कोरलेली,
झिजून झिजून जोंधळ्याएवढी.
ह्याच्यावर बाप्या.
मुकुट, टोकदार दाढी, गळ्याभोवती चुण्यांची झालर,
केकखाली कागदाची असते तशी.
उलट्या बाजूला पंख पसरलेला पक्षी.

"तो होय? तो घरजावई," कुसुमताई हसल्या.
"सासूच्या सासूपासून तेच नाव.
गलबतातून आला असेल. आला, राहिला."

पाचपाखाडीचे टिपणीस नाणी जमवतात.
त्यांनी भिंग लावलं आणि बोलेचनात.
मग म्हणाले, पोलंड. चारशे वर्षं.
राजाचं नाव सांगितलं, माझ्या जिभेवर टिकलं नाही.
असली बोटांवर मोजण्याइतकीच, म्हणाले,
आकडा बोलले,
आणि लगेच कळवळले:
अरेरे, भोक! कोणत्या गाढवानं पाडलं?
आकड्याचं एक शून्य त्या भोकातून गळून गेलं.

उरलं तेही पुष्कळ होतं.
संध्याकाळी दोन्ही लेकींचे फोन.
"तो वेडाविद्रा मला नको" म्हणणारी धाकटी
आता "आजीची आठवण" म्हणत होती.

मी काय बोलणार. मी पटवेकर.
ते गाढव माझ्याच धंद्यातलं.
भोक नसतं तर आटवलं असतं,
पाटली झाली असती,
पाटलीची कळव्याच्या खोलीची अनामत.

भोकाच्या कडेला दोन तंतू अडकलेले,
किरमिजी, मेणानं काळवंडलेले,
कुणा माझ्याआधीच्याचे.
टिपणिसांनी चिमटा पुढे केला होता.
म्हटलं, राहू द्या.

कुसुमताई दुसऱ्या दिवशी बाजार उरकून आल्या,
हाताला बोंबलांचा वास, घाईत.
दोन्ही हार डब्यात ठेवले.
"आणि ह्याचं?"
"काळ्या दोऱ्यात घाल. माझ्या गळ्यात.
मी मेल्यावर भांडूदेत."

ओवला. जुन्या तंतूंवरूनच नवा दोरा नेला,
गाठीला मेण लावलं, पैसे घ्यायला विसरलो.
एका भोकाचं नाणं, कधी पालथं कधी उताणं.
त्यांनी पदर सावरला तेव्हा
पक्षी बाहेर होता,
राजा आतल्या अंगाला,
घामाला तोंड लावून.