सशाचा साचा

पहाटे पाचला राजहंसगड अजून धुक्यात,
मी इंद्रायणी धुतो. तीन पाणी, चौथं नितळ.
हामामात्सूच्या वसतिगृहात ओगावा-बाई
तळव्यानं तांदूळ फिरवायच्या,
झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
सहा महिने मशीन शिकायला गेलो होतो.
मशीन कंपनीनं पुढच्याच वर्षी बदललं,
भात तेवढा राहिला हाताला.

आमच्या येळ्ळूरची बासमती गल्लीभर वास सोडते,
पण मुठीत धरा, सुटी सुटी होते,
भावकीसारखी.
म्हणून इंद्रायणी.
"घरचा तांदूळ सोडून हे काय करूलाईस?"
सुमन विचारते.
मी मिठाच्या पाण्यात हात बुडवतो,
म्हणजे उत्तर द्यायला नको.

साचा मीच कोरलाय, सागाच्या उरल्या तुकड्यातून,
उद्यमबागेत, पॅटर्न शॉपमध्ये, जेवणाच्या सुट्टीत.
ससा. दोन कान, एक दुमडलेला;
तिथं पटाशी घसरली होती,
रेणूला नेमका तोच आवडतो.
बिडाचं काम असतं तर साचा शेकडा एक मोठा धरला असता,
ओतलेलं थंड होताना आकसतं.
भात आकसत नाही. झाकणाखाली गप्प बसतो,
शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत.

डोळे कारळ्याचे, चिमट्यानं ठेवायचे.
पोटात करवंदाचं लोणचं
(तिकडे खारवलेलं आंबट आलुबुखार असायचं),
एखादी बी चुकून राहिली
तर संध्याकाळी हिशेब द्यावा लागतो.
काळ्या समुद्री पानाची पुडी कधीच संपली.
आता चिंचेत वाफवलेल्या अळूची पट्टी,
कमरेला, लंगोटासारखी.
कागदासारखी कुरकुरत नाही. चालतं.

पावसाळ्यात खानापूरकडच्या बायका
टोपलीत बांबूचे कोंब घेऊन बसतात.
"काय गे हे?"
"कळले," ती म्हणाली.
"मला नाही कळलं."
"कळले, कळले!" तिनं कोंबच नाकाशी धरला.
ती कानडीत हसली, मी मराठीत,
अर्धा किलो ठरला.
दोन रात्री पाण्यात, मग भातातच शिजवला,
आलं, गुळाचा खडा.
ओगावा-बाई असत्या तर डोळे मिटून म्हणाल्या असत्या,
जरासं कडू आहे.
आणि वाटी पुढे केली असती.

मार्च आला की काटेसावर बघत बघत कामावर जातो.
त्या दिवसांत भात आमसुलाच्या पाण्यानं गुलाबी.
सुमन म्हणते, रंगपंचमी झाली की आता.

दिवाळीच्या सुमाराला रताळी.
तिकडे तिन्हीसांजेला एक बुटका टेम्पो यायचा,
लांब, रडका सूर काढत: याकी-इमोऽऽ
दारं उघडायची, चपला वाजायच्या.
इथं मी पाटीभर कोरी वाळू भट्टीच्या कडेला तापवतो,
आत रताळी पुरतो, साहेबांना दिसणार नाहीत अशी.
मल्लेशी, जो वर्षभर माझ्याशी
नेमका पाटीच्या भाषेवरून भांडतो,
बोटं चाटत म्हणाला, "छलो ऐति."
मीही म्हटलं, ऐति.

परवा रेणू म्हणाली, "बाबा, ससा लहान झालाय."
साचा तपासला. तोच.
लाकूड फुगलं नव्हतं, झिजलं नव्हतं.
मग लक्षात आलं, ती सहावीत गेली.
भाताचं माप धरलं, बिडाचं तोंडपाठ आहे,
पोरीचं धरायचं राहूनच गेलं.

आज साचा फळीवरच ठेवला.
ओल्या हातानं नुसता त्रिकोण वळला, मोठा,
ओगावा-बाई वळायच्या तसा, तीन दाबांत.
त्रिकोणाला डोळे कशाला?
तरी ठेवले.

डबा परत आला, रिकामा.
झाकणाला आतून
एक कारळा चिकटलेला,
माझ्याकडे बघत.