जांभळा नळ

शुक्रवारी सकाळी मनामाच्या जुन्या भागात गेलो.
इंग्रज एजंटाचा बंगला आता म्युझियम झालाय.
तिकीट दोन दिनार, बारा वर्षांखाली फुकट;
ऋजुता परवाच तेरावं ओलांडून बसली
म्हणून हेमांगी पायरीवरच हळहळली.

लुलवा नावाची मुलगी माहिती देत होती,
काळा अबाया, पायात पिवळे स्पोर्ट्स शूज.
हा पियानो, दमट हवेने दरवर्षी उतरायचा.
हा डिनर सेट, चोवीस जणांचा, एकवीस उरलेला.
भिंतीवर साहेबाच्या गावच्या घराचं चित्र:
धुकं, तळं, हंस, कातरून भिंती केलेली झाडं
आणि त्या हिरव्याच्या मधोमध दगडी घर,
आमच्या तालुका कचेरीच्या तिप्पट.
"मिसेस हॅलोवेलना इथे तेच हवं होतं," लुलवा म्हणाली,
"घर जमलं नाही. म्हणून बाग केली."

बाग म्हणजे चार वाफे आणि एक लॉन.
लॉनच्या कडेने माझा नळ गेलेला.
माझा म्हणजे आमच्या प्लांटचा. जांभळा,
म्हणजे वापरून झालेलं, गाळून, क्लोरीन मारून
परत पाठवलेलं पाणी.
एकोणीस वर्षं त्याचा वास घेतोय,
आकडे लिहून खाली सही करतोय.
ते जातं कुठे, हे आज पाहिलं.
तीन भाषांत पाटी: पिऊ नये.
ऋजुता म्हणाली, बाबा, तुमचं नाव नाही लिहिलं.

काचेखाली मिसेस हॅलोवेलची बागेची वही.
लुलवा वाचत गेली, आम्ही मनात मराठी करत गेलो.
लव्हेंडर मागवलं. माळी म्हणतो, नको.
लव्हेंडर गेलं.
स्वीट पीचं बी बोटीने आलं. माळी म्हणतो, नको.
मार्चात करपलं.
गुलाबांना नव्या विहिरीचं पाणी. माळी म्हणाला, खारं आहे.
ऐकायला हवं होतं.
अशी सात वर्षं.
सात वर्षं तो नको म्हणतोय
आणि त्याचं नाव कुठेच नाही.
विचारलं, तर लुलवाने टॅबवर शोधलं, अगदी मनापासून:
"हिंदुस्थानातून आलेला. एवढंच आहे."

मग मागच्या अंगणातून हेमांगीने हाक मारली,
दूध उतू गेल्यावर मारते तशी.
स्वयंपाकघरामागे, मोरीचं पाणी बाहेर पडत असणार तिथे,
अळू.
हातभर पानं, काळे देठ.
वडीचं, भाजीचं नव्हे.
पाटी लावलेली: शोभेचं झाड.

मोरीच्या तोंडाशी अळू लावायचं
हे कुणी वहीत लिहून ठेवत नाही.
सांडतंय ते वाया जाऊ नये, एवढाच विचार;
आमच्या प्लांटच्या अकरा टाक्यांमागेही तेवढाच आहे.
कंद कनवटीला बांधून आणला असेल त्याने.
विचारलं नसेल कुणाला.
आणि एखाद्या संध्याकाळी, मेमसाहेबांच्या नाकावर टिच्चून,
बेसन, चिंच, गुळाऐवजी खजूर...
की नसेलही. मला आपलं वाटलं.

पानावर स्प्रिंकलरचा एक थेंब होता,
इकडून तिकडे पळणारा, कुठेच न चिकटणारा.
अळवावरचं पाणी म्हणतात ते आम्हालाच,
दर दोन वर्षांनी शिक्का मारून घेणाऱ्यांना.
मला ती म्हण नेहमी बरोबर वाटायची.
आज वाटलं, ज्याने केली त्याने थेंबच पाहिला,
खाली वाकून बघितलं नाही.

हेमांगीने पर्स उघडली.
"दोनच पानं."
आणि मला, एकोणीस वर्षं सही करणाऱ्याला,
सांगावं लागलं: नको.
हे पाणी खायच्या झाडांचं नाही.
म्हटलं आणि माझाच आवाज
काचेखालून आल्यासारखा वाटला.

पान नको तर नको, ती म्हणाली,
आणि बुटाची लेस बांधायला खाली बसली.
बराच वेळ बांधत होती.

गाडीत तिच्या नखांत माती दिसली. विचारलं नाही.
संध्याकाळी एसीचं पाणी ठिबकतं ती बादली
तिने बाल्कनीच्या कोपऱ्यात सरकवली,
सातव्या मजल्यावर, थोडी सावली बघून.