काठ

वडगावात दुपारी दोनला लाईट गेली
आणि अख्ख्या गल्लीचे माग एकदम गप्प.
इतका वेळ आवाज होता,
हे तो थांबल्यावर कळलं.

इरण्णामामा पत्ते मारतो. खेळायचे नव्हेत, जकार्डचे.
पुठ्ठ्यावर भोकं : इथे दोरा वर, इथे खाली.
चष्म्याची एक काडी सुतानं बांधलेली.
"काय करूलालीस गे पुण्यात?
आई म्हणूलाली, आकाश शिकूलालीस."

आकाश नाही मामा, काठ.
असं धर, या खोलीत जे जे आहे,
तू, मी, माग, उन्हात तरंगणारी सुताची कुसं,
ते सगळं भिंतींवर लिहिता येतं.
खोलीएवढी जागा लागत नाही. भिंतीएवढी पुरते.
कृष्णविवरानं शिकवलं हे आम्हाला :
पोटात काय गेलं, त्याचा हिशेब कातडीवर.

"त्यात काय," मामा म्हणाला,
"काठ दाखव, साडी कुठल्या मागावरची ते सांगतो."

पण विश्व फुगतंय, मामा.
विणता विणता ताणाच लांबतोय,
दोन दोऱ्यांत जागा पडत चाललीय,
काठ घालायला जावं तर काठ आणखी पुढे.
भिंतच नाही कुठे.
ज्याच्या त्याच्या नजरेपुरतं एक क्षितिज,
तेही आपण सरकलो की सरकणारं.

तो हसला. "कानडीत गडी म्हणजे सीमा.
मराठीत गडी म्हणजे खेळातला भिडू.
इथं जन्मलेल्याला दोन्ही कळतंय.
तुमच्या विश्वाला कळूलाय काय?"

मी विषय बदलला.
हा मोर किती पत्त्यांचा?
"तीनशे चौऱ्याऐंशी. कमीत कमी."

कमीत कमी.
या दोन शब्दांवर माझी चार वर्षं गेली.
सगळं निवून जातं, रंग विटून एकसारखे होतात,
वरून पाहणाऱ्याला वाटतं, आता काही घडत नाही,
तरी आत पत्ते वाढतच असतात,
इथवर पोचायला लागणारे, कमीत कमी.
आणि फुगत्या विश्वात तर असे सुसाट
की माझ्या वहीत, एका ठरल्या घटकेला,
आकडा अनंतात फुटतो.

मामानं पुठ्ठा खाली ठेवला.
"एवढे पत्ते ठेवूलालात कुठं?"

हाच प्रश्न परीक्षकांनी विचारला होता,
इंग्रजीत, पाणी पीत.
तेव्हाही मला उत्तर आलं नव्हतं.

कोपऱ्यात मल्लेशचा माग. वर प्लास्टिकचा कागद.
मल्लेश सुरतेला. आधी रविवारी फोन, मग अमावास्येला.
क्षितिजापलीकडे गेलेलं कधी नाहीसं झालेलं दिसत नाही,
फक्त मंदावतं, तांबूस होत जातं,
त्याचा शेवटचा क्षण आपल्यापर्यंत पोचतच राहतो.
हे मी मामाला सांगितलं नाही.
मल्लेशचं "येतो" दरवर्षी थोडं लांबतं,
हे त्यानंही मला सांगितलं नाही. आईकडून कळलं.

मग त्यानं कपाटामागून एक जुना पत्ता काढला,
फुंकर मारली, दाराच्या उजेडात धरला.
समोरच्या भिंतीवर
उजेडाचे अकरा ठिपके.

कशाचा हा?
"काय की! मोराचा असंल, कोयरीचा असंल.
एकट्या पत्त्यावरनं पत्ता लागत नाही."

आमच्याकडं काचेचा एक तुकडा असला
तरी त्यात अख्खं चित्र असतं, म्हटलं मी.
थोडं पुसट.
"पुसट," तो म्हणाला. आणि हात न हलवता
तसाच धरून राहिला पत्ता.
ऊन सरकलं तसे ठिपके
मल्लेशच्या मागाकडे सरकू लागले.

मी मोजत होते. तोही मोजत असावा.

लाईट आली.
सगळी गल्ली एकदम खडखडू लागली.
मामा काहीतरी बोलला, ओठ हलले,
कानडीत की मराठीत
तेही कळलं नाही.