फुटक्या बशा

विषय क्रमांक चार होता :
गच्चीला पांढरा थर, पश्चिमेच्या भिंतीला अस्तर,
जिन्यात जुन्या नळ्या काढून छोटे दिवे.
पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, मे महिना,
संध्याकाळचे सात वाजले तरी भुसावळ
चुलीवरून उतरलेलं नव्हतं.

मी उठलो. म्हणालो, मी तळमजल्यावर राहतो.
माझ्या डोक्यावर गच्ची नाही, चार घरं आहेत.
ज्यांना ऊन लागतं त्यांनी छत्री शिवावी.
लोक हसले. चौधरी सरांनी टाळी वाजवली.
घरटी अकरा हजार, दोन हप्त्यांत.
सेक्रेटरी कुमुदिनी वारके काही बोलल्या नाहीत,
वहीत माझं नाव लिहिलं
आणि पुढे 'विरुद्ध'. शुद्धलेखन अचूक.

बत्तीस वर्षं मी दीपनगरला होतो, कोळशाच्या पट्ट्यावर.
वाघिणी रिकाम्या व्हायच्या, पट्टा चालायचा,
आणि कुठंतरी कुणाच्या तरी घरात पंखा फिरायचा.
याचा आम्हाला अभिमान होता.
तो पंखा कसली हवा फिरवतो
हे विचारणं आमच्या खात्यात येत नव्हतं.

वर गेलो तो भांडायलाच.
चारशे दोन. दार सताड उघडं.
फेगड्यांची सून फरशीवर पाणी शिंपडत होती.
पलंग भिंतीपासून दोन हात ओढून घेतलेला,
खोलीच्या मधोमध, पुरात अडकलेल्या होडीसारखा.
हा असा का, विचारलं.
"हात लावून बघा नं काका."
रात्रीचे पावणेअकरा.

बॉयलरच्या अंगाची भिंत अशी असायची.
तिथं लाल पाटी होती : स्पर्श करू नये.
इथं पाळणा टांगला होता.

बिल तिनं न मागता दाखवलं.
मी आकडा वाचला आणि जुन्या खोडीनं
त्याचा कोळसा केला.
रात्रीला एक घमेलं, आठ महिन्यांच्या बाळाच्या झोपेसाठी,
आणि बाळ टक्क जागं,
माझ्याकडे बघत.

पुढच्या सभेत मी हात वर केला.
वारके बाईंनी 'विरुद्ध'वर एक रेघ मारली,
शेजारी सही करायला लावली.
चौधरी सर म्हणाले, फितूर.

मग गुलाब पिंजारी आला, चिनीमातीचं काम करणारा.
आजोबा सावद्याला गाद्या पिंजायचे, म्हणाला,
मी बिल्डिंगीला गोधडी घालतो, उन्हात पांघरायची.
पांढरे तुकडे कमी पडले तेव्हा त्यानं घरोघर विचारलं :
फुटकी फरशी, टवके गेलेल्या बशा, काहीही द्या,
कप नको, कप गोल असतो, पायाला टोचतो.
बरणीची झाकणं आली. कुणाच्या तरी साबणदाणीचे
तीन तुकडे. इंदूनं लग्नातल्या सेटच्या
चार बशा काढून दिल्या.
"बशीत ओतून फुर्रर्र करत बसता,
आता कपातून प्या."

काल दुपारी तीनला गच्चीवर गेलो, अनवाणी.
पाय भाजले नाहीत. डोळे मात्र दिपले.
पाण्याच्या टाकीजवळ निळ्या फुलाची आमची बशी
सिमेंटात बसली आहे, अर्धंच फूल.
चारशे दोनमध्ये पंखा तीनवर आला, म्हणे.

पश्चिमेची भिंत अजून उघडी आहे.
पहाड बांधून ठेवलाय, कारागीर येत नाहीत,
दुसरा हप्ता सात जणांचा थकलाय,
त्यात तीनशे एक, चौधरी सर, पूर्वेकडचे,
ज्यांच्या खिडकीत तीननंतर सावली असते.

आज रात्री त्यांना चौथ्या मजल्यावर नेणार आहे.
येतो म्हणालेत, पण गुडघा दुखतो म्हणालेत.
जिन्यात नवे दिवे आहेत, सावकाश चढू.
पावणेअकरापर्यंत पोचलं पाहिजे,
मग भिंत थोडी निवते.