रकाना पहिला : नाव

पहिल्या रकान्यात छापलंय : नाव.
मी लिहिलं, हेमांगी.
खिडकीतला मुलगा हसला,
काका, तुमचं लिहा, होडीचं सातव्यात.
तोवर सहा जागी मी मालक म्हणून सही करायची.
तिसऱ्या सहीला पेन अडलं.
मालक, पण कशाचा?

दापोलीहून रातराणीनं आलो, मी आणि अब्बास होडेकर.
स्वारगेटला पहाटे तोंडं धुतली,
पाणी इतकं गोड की चूळ भरून थुंकवेना.
दोघांत एक पिशवी, पिशवीत फळी,
हेमांगीच्या नाळेची, उजव्या गालाची.
निळ्यावर पिवळं, मीच रंगवलेलं : हेमां
गी वाऱ्यानं नेली.

खासनीस साहेब माणूस वाईट नाही.
चष्मा पुसून, सावकाश, आम्हाला कळेल असं वाचतात :
नौका घटनेसमयी किनाऱ्यावर ओढलेली,
सबब सागरी जोखीम लागू नाही.
साहेब, एक जूनपासून मासेमारी बंद,
तुमच्याच सरकारची बंदी.
अख्ख्या बंदरानं होड्या वर घेतल्या.
मग वारा आला.
त्यानं ती उचलली, पालथी घातली,
मुकादमांच्या वाडीत नेऊन आपटली,
चौदा पोफळी आडव्या.
म्हणजे बुडाली नाही.
नाही.
मग पूर्ण नुकसान कसं म्हणू? ही बघा, दिसते आहे,
आणि फोटो माझ्याकडे फिरवतात.
दिसते ना.
सरणावरचा माणूसही दिसतो, साहेब.

अब्बासची खाडीत होती.
दोर तुटला, ती गेली ती गेली.
त्याला म्हणाले, अवशेष दाखवा.
अब्बास म्हणाला, दाखवतो,
पोहता येतं का तेवढं सांगा.
कोणी हसलं नाही. पंखा फिरत होता.
इतका बारीक वारा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

फळी टेबलावर ठेवली.
साहेबांनी बोटानं रंग चाचपला,
बोटाला वाळू लागली, ती रुमालाला पुसली.
ही जमा करून घेता येत नाही, म्हणाले, मूळ पावती लागते.
मूळ पावती कपाटात होती.
कपाट घरात होतं.
पुढचं त्यांनी विचारलं नाही, मीही नाही सांगितलं.

मग, बरं वाटावं म्हणूनच बहुतेक, म्हणाले,
मलाही अनुभव आहे हो.
गाडी नदीपात्रात लावली होती,
रात्री धरणातून पाणी सोडलं,
सकाळी नुसतं टप दिसत होतं.
आणि पैसे? अब्बासनं विचारलं.
अकरा दिवसांत, म्हणाले,
आणि अर्ध्यातच त्यांचा आवाज खाली गेला,
कागद नीट करू लागले, जे नीटच होते.

केवळ सहानुभूतीपोटी, घसारा वजा जाता,
नऊ हजार चारशे.
सोसायटीचा हप्ता तेरा हजारांचा.
मी सही केली नाही. केली असती तरी
नावच आठवत नव्हतं त्या क्षणी.

आम्ही ती नदी बघायला गेलो.
भिडे पुलाखाली घोट्याएवढं पाणी,
काठाला गाड्या रांगेत, जशा आमच्याकडे होड्या,
नांगर नाही, दोर नाही, कोणाला घोर नाही.
अब्बास बराच वेळ बघत राहिला.
इथे आणून लावायला हवी होती रे.
गाडी, मी म्हटलं. होडी नाही चालायची.

रात्रीच्या गाडीत फळी मांडीवर मावेना,
वाटेत आडवी आली.
कंडक्टरनं पायानं ढकलून विचारलं, हे काय?
नाव, मी म्हटलं.
कुणाचं?
अब्बास म्हणाला, लगेजचं तिकीट फाड, बाबा.
त्यानं फाडलं. वजन अंदाजे, रुपये बारा.
तारीख होती, शिक्का होता,
कुठून कुठे तेही होतं.
फाईलला लाव, अब्बास म्हणाला,
तिच्या नावाचा कागद मिळाला एक,
आणि ताम्हिणीच्या आधीच
माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला.