ओल

"फार रोमँटिक घर आहे," क्रेग म्हणाला, किल्ली फिरवत.
दार उघडलं नाही. मग खांद्याने उघडलं.
घर विकणाऱ्यांच्या बोलीत याचा अर्थ :
छप्पर गळतं, हीटिंग नाही,
किंमत मात्र तीच.

हेबडन ब्रिज, फेब्रुवारी.
टेकडीला पाठ लावून उभी काळवंडलेली घरं.

ऑफिसात ग्लेनिस हाच शब्द काढते तेव्हा
आधी चष्मा कपाळावर सरकवते.
जुन्या गिरणीची चिमणी पाडू नका, असं मी लिहिलं होतं.
"हे जरा रोमँटिक होतंय, विदुला."
म्हणजे : नाही.

गुरुवारी इटालियनच्या वर्गात मास्तर म्हणाले,
मुळात हा शब्द रोमचा, प्रेमाचा नाही;
लॅटिनच्या पोटच्या त्या रोमान्स भाषा.
अर्धा वर्ग हिरमुसला.
मी विचारलं, महाराष्ट्रीच्या पोटची असेल तर?
मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

आमच्या कोशात आहेत की शब्द,
कल्पनारम्य, अद्भुतरम्य, स्वच्छंद,
कडक इस्त्रीचे, समारंभापुरते.
एरवी आम्ही सरळ रोमँटिकच म्हणतो,
तेही दुसरीच्या नवऱ्याला.

माझा जयवंत. वाढदिवसाला
माझ्या गाडीचे टायर बदलून आणतो.
तेव्हा तो भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावत होता.
अठरा. बावीस. जिन्यापाशी अडतीस.
आकडे वहीत चढत होते
आणि क्रेगचं हसू उतरत होतं.

मग माडीवरच्या खिडकीशी तो थांबला.
खाली कालवा. कालव्यात एक लांबोडकी होडी,
तिच्या टपावर सरपण, सायकल,
फुटक्या टबात लावलेला कोबी.
कुणीतरी चहाचा मग घेऊन बाहेर आलं,
आकाशाकडे बघून परत आत गेलं.
एवढंच.
यंत्र हातात बीप-बीप करत राहिलं.

"घेऊ या," तो म्हणाला.
अरे, छप्पर? अडतीस?
"हो."
पण कशाला?
वही मिटून त्याने खिशात घातली.
"उगाच."

तो काय म्हणाला, क्रेगने विचारलं.
मी सांगून पाहिलं, दोन-तीन तऱ्हांनी.
क्रेग मान हलवत राहिला, सभ्यपणे.

आता नोव्हेंबर. चार पातेली लागतात.
जिन्याखालच्याचा सूर वेगळा लागतो,
पितळेचं ना ते, जयवंत म्हणतो,
आणि रात्री दोनला
पाय न वाजवता उठून
ओतून येतो.