पूर्ण नाव

उद्यमनगरात, आमच्या शेडसमोर
तीन दिवस उभी होती हेल्गाबाईची व्हॅन.
पिवळी, नाकाडावर गंजलेली,
गिअरचं एक बुश गेलेलं.
कंपनीनं कळवलं, तो पार्ट बंद होऊन तीस वर्षं झाली.
मी म्हणालो, बसा बाई, लेथ आहे.

बसली. डब्यातनं झेरॉक्सचा गठ्ठा काढला,
पासपोर्टच्या झेरॉक्स, एकावर एक,
लग्न होऊन गेल्यावर पत्रिका उरतात तशा.
माझ्या समीनानं इंग्रजीत विचारलं, एवढ्या कशाला?
बाई म्हणाली, चौक्या.

एका देशात एका दिवसात सतरा.
रस्त्यावर आडवी साखळी, पत्र्याचा ड्रम,
ड्रमावर वही, आणि वहीमागं
मिसरूड न फुटलेला एक बंदूकवाला.
वहीत रकाने. नाव. गाव. गाडीचा नंबर.
बापाचं नाव.

बासष्टाव्या वर्षी, म्हणाली,
त्या एका दिवसात सतरा वेळा लिहिला मी माझा बाप.
चाळीस वर्षांत त्याला इतकी हाक मारली नव्हती.
समीना सांगता सांगता थांबली.
आतनं कुणीतरी बावीसचा पाना मागितला.
मी उठून दिला.

मग बाईनं करूनच दाखवलं, स्टुलावर बसून,
हवेत स्टिअरिंग धरून:
लांबूनच हेडलाईट बंद.
आतला दिवा लावायचा.
काच खाली, गॉगल काढायचा,
दोन्ही हात वर, दिसतील असे.
हसायचं, पण बेतानं.
खिशात हात घालायच्या आधी सांगायचं, की घालतोय.

शेजारच्या पतसंस्थेचा वॉचमन, जोतीराम हवालदार,
चहाला आला होता, ऐकत होता.
टाकळीचा. बावीस वर्षं पलटणीत,
त्यातली सहा वाळूच्या पोत्यांमागं, बर्फात.
म्हणाला, "बाईला सांग पोरी,
आमी त्वांड बघत न्हवतो. हात बघायचो.
हात दिसलं की पोटातला गोळा सुटायचा."
"कुणाच्या पोटातला?"
"माज्याच की. आनि कुनाच्या?"

कपातला शेवटचा घोट त्यानं जमिनीवर ओतला.
"एकदा एकानं दिवा लावला न्हाई," म्हणाला,
आणि शटर ओढायला गेला.
समीनानं हे बाईला सांगितलं नाही.
बाईनंही विचारलं नाही.
ती त्याच्या हातांकडं बघत होती,
शटर खाली येईपर्यंत.

चौथ्या दिवशी बुश बसलं.
बिलावर मी सही केली, खाली नाव:
दस्तगीर हुसेन शिकलगार.
तिनं मधल्या नावावर बोट ठेवलं. हा कोण?
बाप, म्हणालो. चाकावर कात्र्यांना धार लावायचा,
महाद्वार रोडला, पायानं चाक फिरवत.
म्हणजे तुम्ही रोजच लिहिता, म्हणाली.
लिहितो खरं.
बघत नाही.

परवा कागलहून रात्री परत येताना
गोकुळ शिरगावला नाकाबंदी.
बॅरिकेड, शिट्टी, बॅटरीचा झोत.
आणि माझ्या आधी माझ्या हातांनी केलं ते,
हेडलाईट बंद, आतला दिवा चालू,
दोन्ही पंजे स्टिअरिंगवर, ग्रीस नखांत तसंच.

पोरगाच होता हवालदार, समीनाच्या वयाचा.
"काय ओ मामा, दिवा कशाला लावलाय?"
"दिसावं म्हणून."
"काय दिसावं?"
काय सांगणार.
"बरं. पूर्ण नाव?"

सांगितलं. सावकाश.
पहिलं त्यानं ऐकलं, शेवटचं ऐकलं,
तेवढंच ऐकतात सगळे.
थोडा वेळ बॅटरी माझ्या तोंडावर राहिली.
मग हातांवर आली.
मग डिकी उघडायला सांगितलं.
डिकीत दोन क्लचप्लेटी आणि एक जुनी बादली.

मधलं नाव मी ऐकलं.

शाहू नाक्यापर्यंत
आतला दिवा बंद करायचा राहूनच गेला.